आधी अंगठा, मग पाला

विळा लागला की पाला शोधायला पळू नका. कापलेल्या जागेवर आधी अंगठा दाबा. घट्ट दाबा आणि सोडू नका. पाला आणायला दुसऱ्याला पाठवा. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मला दिलेला हा पहिला कानमंत्र. चाकूर तालुक्यातल्या रानात उभा जन्म काढून मीही हेच सांगते, बाकीचं सगळं याच्यानंतर.

लोकांना आठवतो तो पाला. "आजीनं पाला चुरगाळून लावला आन् रगत थांबलं," असं जो तो सांगतो. पण आजीनं त्याआधी काय केलं होतं, ते कुणी सांगत नाही. तिनं कापलेलं बोट स्वतःच्या मुठीत आवळून धरलं होतं. लेकराला धुऱ्यावर खाली बसवलं होतं, त्याचा हात डोक्याच्या वर धरला होता. एका पोराला पाल्यासाठी पिटाळलं होतं. ते पोर रमतगमत गेलं, पाला तोडला, धुतला, आणला, चोळला. एवढ्यात पाच-दहा मिनिटं सहज जातात. धडधाकट माणसाची किरकोळ जखम नुसती दाबून धरली तरी तेवढ्या वेळात रक्त गोठायला लागतं. पाल्यात गुण आहे, मी नाही म्हणत नाही. पण निम्मं श्रेय त्या मुठीचं आहे, आणि पाला हिरवा दिसतो म्हणून सगळं श्रेय तोच घेऊन जातो.

दाबायचंही एक शिस्तीनं असतं. स्वच्छ धुतलेलं सुती कापड हाताशी असेल तर ते घडी करून जखमेवर ठेवा आणि तळव्यानं दाबा. रुमाल, धुतलेल्या धोतराचा तुकडा, काहीही चालेल, घामानं भिजलेला गमचा मात्र नको. दहा मिनिटं घड्याळाकडं बघून दाबायचं. मधेच "थांबलं का बघू" म्हणून कापड उचलायचं नाही. नुकतीच धरलेली गाठ त्यानं सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कापड भिजलं तर ते काढू नका, त्यावर दुसरं ठेवा. आणि ज्याला लागलंय त्याला बसवा किंवा आडवं करा. रक्त बघून चांगले पैलवान गडी चक्कर येऊन पडलेले मी पाहिलेत. तसं पडलं की बोटाचं राहतं बाजूला आणि डोकं फुटतं.

रक्त आवरलं की जखम धुवायची. भरपूर वाहत्या पाण्यानं. हिरीचं ताजं पाणी, पिण्याचं पाणी, जे स्वच्छ असेल ते. घासायचं नाही, धार सोडायची. माती, कचरा, कुसळ सगळं निघून जाईपर्यंत.

आता पाला.

आमच्याकडं त्याला कुणी दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी. पश्चिमेकडं एकदांडी म्हणतात. धुऱ्यावर, पायवाटेच्या कडेला, मुरमाड माळावर, जुन्या वाड्याच्या भिंतीच्या फटीत, कुठंही उगवतो. जमिनीसरशी पसरतो आणि कांडीला कांडीला मुळं धरतो. पानं समोरासमोर, टोकदार, कडेला करवतीसारखे मोठे दाते, हाताला खरखरीत लागतात, अंगावर बारीक लव असते. त्यातून वीतभर लांब एकच दांडी सरळ वर येते आणि तिच्या टोकाला एकच फूल. मधे पिवळं बटण, त्याभोवती पाच-सहा फिक्कट पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दात. फूल वाळलं की म्हातारीच्या केसांसारखा झुपका होतो, लेकरं फुंकर मारून उडवतात. ही दांडी आणि ही तीन दातांची पाकळी एकदा नीट बघून घ्या, मग पाला ओळखायला चुकणार नाही.

चुकायला होतं ते गाजर गवताशी. तेही धुऱ्यावरच असतं, त्यालाही पांढरी फुलं येतात. पण गाजर गवताची पानं गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली असतात, आणि फुलं एका दांडीवर एक नसून शेंड्याला झुबक्यानं, बारीक बारीक. ते उभं वाढतं. त्याच्या नुसत्या स्पर्शानं कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. ते जखमेत घालणं म्हणजे हातानं दुखणं ओढवून घेणं. शहरातून दिवाळीला आलेली नातवंडं हौसेनं "आजी, पाला आणला" म्हणून हेच घेऊन येतात. तेव्हा आणलेला पाला आधी बघा, मग चोळा.

लावायचा कसा, तेही सांगते. सात-आठ कोवळी पानं घ्या, फार जून नकोत, किडीनं खाल्लेली नकोत. दोन-तीन पाण्यांनी धुवा. ज्याच्या हातानं चोळायची त्याचे हात साबणानं धुतलेले पाहिजेत. आमच्या आत्याबाईंचा इथं कटाक्ष असायचा. शेणात हात घातलेली बाई कितीही जवळची असली तरी तिला पाल्याला हात लावू द्यायच्या नाहीत. पानं तळहातावर घेऊन अंगठ्यानं दाबत दाबत चोळायची. आधी काहीच निघत नाही, नुसती ओल लागते. मग पान काळपट हिरवं होतं, उग्र वास येतो आणि मूठ पिळली की करंगळीच्या बाजूनं थेंब गळायला लागतात. ते थेंब थेट जखमेवर सोडायचे. जरा चरचरतं. लेकरू रडतं. रडू द्या.

जुन्या बाया चोथाही जखमेवर ठेवून वर चिंधी बांधायच्या. हे मी बंद केलं आणि तुम्हीही करू नका. पानाचा चुरा जखमेत अडकून राहतो, कुजतो, आणि दोन दिवसांनी जखम ठणकायला लागते. डॉक्टरकडं गेलं की त्याला आधी तो चुरा चिमट्यानं वेचत बसावं लागतं. रस घ्या, चोथा फेकून द्या. आणि हे सगळं वरवर कापलेल्या, खरचटलेल्या लहान जखमेसाठी. खोल जखमेत रसही नको.

पाला कुठून तोडायचा, हा प्रश्न आत्याबाईंच्या काळात नव्हता, आता आहे. आमचा लातूर जिल्हा म्हणजे सोयाबीनचं रान. पेरून वीस दिवस झाले की तणनाशकाचे पंप सुरू, पुढं अळीसाठी औषध. धुऱ्यावरचं गवतही फवाऱ्यात सापडतं. त्या पाल्यावर काय बसलंय ते डोळ्याला दिसत नाही, आणि उघड्या जखमेतून ते थेट अंगात जातं. म्हणून फवारलेल्या रानाच्या धुऱ्यावरचा पाला अजिबात नको. गोठ्याजवळचा नको, उकिरड्याजवळचा नको, हमरस्त्याच्या कडेचा नको. सगळ्यात बरं म्हणजे परसात, न्हाणीच्या पाण्यापासून लांब, दोन फांद्या लावून ठेवा. कांडी टेकली की लागते. पैसे लागत नाहीत, खत लागत नाही, आणि उन्हाळ्यात धुरे करपून गेल्यावरही दोन तांबे पाण्यावर तग धरते.

हा पाला काही आपल्या ऋषिमुनींच्या काळापासूनचा नाही, हेही सांगून टाकते, कारण लोक काहीही ठोकून देतात. तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. १७५३ साली लिनियस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय नाव छापलं, ते तिकडच्या वेराक्रूझच्या झाडावरून. पुढं तो जहाजांबरोबर जगभर पसरला आणि आपल्या धुऱ्यावर येऊन बसला. पण आपल्या बायकांनी त्याचा गुण बघता बघता हेरला. शेजारी तेलंगणात त्याला गड्डी चामंती म्हणतात आणि तिथंही कापल्यावर हाच पाला चोळतात. एवढ्या लांबून आलेलं तण दोन-तीनशे वर्षांच्या आत गावोगावच्या आज्यांच्या बटव्यात गेलं, हे मला कुठल्याही पुराणकथेपेक्षा भारी वाटतं. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत उंदरांवर त्याचे प्रयोगही झालेत, आणि जखम भरून यायला त्याचा हातभार लागतो असं त्यातून दिसलं. उंदराची जखम आणि माणसाची जखम एक नव्हे, एवढं लक्षात ठेवून त्याचं कौतुक करावं.

आपल्या जुन्या वैद्यांचं म्हणाल तर रक्त थांबवायचे चार मार्ग सुश्रुतानं सांगून ठेवलेत. तुरट पदार्थानं जखम जुळवणं, गारव्यानं रक्त गोठवणं, राखेनं सुकवणं आणि शेवटी डाग देऊन शिरा आकसवणं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावातल्या सगळ्या खटपटींचा उलगडा झाला. बाभळीच्या सालीचा काढा करून तोंडात धरणं, म्हणजे हिरड्यांतून येणारं रक्त थांबतं, तो तुरटपणाचा मार्ग. गार पाण्याची पट्टी हा दुसरा. सुती चिंधी जाळून तिची राख दाबणं हा तिसरा. चौथ्याच्या खुणा जुन्या माणसांच्या अंगावर अजून दिसतात. यातले पहिले दोन आजही खुशाल करा. राख आणि डाग आता नको. सुश्रुताच्या काळी दवाखाना नव्हता, आणि आमच्या आत्याबाईंच्या माहेरीही नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा होता, आणि खेड्यातल्या माणसाला डॉक्टर बघायला मिळणं म्हणजे नवलच. त्यांनी जे हाताशी होतं ते वापरलं. तुमच्या हाताशी जास्त आहे.

दुसरे पाले थोडक्यात सांगते. झेंडूच्या पानांचा रस लहान कापण्यावर लावतात. दसरा-दिवाळीला झेंडू दारात असतो आणि सोयाबीनची काढणीही त्याच सुमाराला, म्हणून तो हाताशी लागतो. पानफुटीला काही गावांत घायमारीच म्हणतात. तिचं जाड पान जरा गरम करून मुक्या मारावर, सुजेवर बांधतात. गुलबाक्षीचं पान गळवावर. कोरफड भाजल्यावर, पण भाजलेल्या जागी आधी वीस मिनिटं साधं पाणी, मग कोरफड.

घोळणा फुटला तर आमच्याकडं हराळीचा रस नाकात पिळतात, नाहीतर कांदा फोडून हुंगवतात. सोबतच लेकराची मान मागं टाकतात, आणि चूक होते ती तिथं. मान मागं टाकली की रक्त बाहेर यायचं थांबतं, पण घशात उतरतं, लेकरू ते गिळतं आणि मग ओकतं. मान पुढं झुकवायची, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं दाबायचा, श्वास तोंडानं घ्यायला सांगायचं. इथंही अंगठाच. हराळी गणपतीला वाहा.

चाकूरकडचं माणूस औषधी पाल्याबद्दल बोलतं आणि वडवळ नागनाथच्या बेटाचं नाव काढत नाही, असं होत नाही. संजीवनी बेट म्हणतात त्याला. हनुमंत द्रोणागिरी घेऊन चालला असताना त्याचा एक तुकडा इथं पडला, अशी कथा आहे. दरवर्षी उत्तरा नक्षत्रात, म्हणजे सप्टेंबरच्या मधल्या-शेवटच्या दिवसांत, लांबलांबून माणसं येतात, डोंगरावर राहतात, वनस्पती घेतात. श्रद्धेचा विषय आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण लातूर जिल्ह्यात जंगल म्हणावं असं रान शंभर एकरांत एक एकरही नाही. जे काही दुर्मिळ उरलंय ते असल्या बेटांवर. तिथं जाऊन मुळासकट उपटून पिशव्या भरून आणणं हे बरोबर नाही. जाणत्या माणसाबरोबर जा, झाडं ओळखायला शिका, लेकरांना दाखवा. आणि बोट कापलं म्हणून बेटावर जायची गरज नाही. त्याचं औषध तुमच्या दारातल्या भिंतीच्या फटीत आहे.

आता जे करू नका ते. जखमेत शेण नको. काळी माती नको. तंबाखू नको, चुना नको, चहापूड नको, कोळ्याचं जाळं नको. यातल्या काहींनी रक्त थांबल्यासारखं दिसतं, कारण चिकटा बसतो. पण धनुर्वाताचे जंतू राहतात तेच मुळी मातीत आणि जनावरांच्या शेणात. तेच आपण हातानं आत भरतो. पूर्वी बाळाच्या नाळेला शेण-राख लावायचे आणि आठवडाभरात लेकरू ताठ होऊन जायचं. त्याला नजर लागली म्हणायचे. लस आली, दवाखान्यात बाळंतपणं व्हायला लागली, आणि २०१५ साली बाळंतिणींचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं. कुठल्याही पाल्यानं हे केलेलं नाही.

हळदीचं मला विचाराल, तर घरच्या हळकुंडाची घरी कुटलेली चिमूटभर हळद किरकोळ ओरखड्यावर ठीक. बाजारच्या पुडीत रंग काय घातलाय ते देवाला ठाऊक. खोल जखमेत कुठलीच पूड भरू नये.

एक गोष्ट मात्र मी पोरांना दरवर्षी बजावते, आणि दरवर्षी ती ऐकत नाहीत. भळभळ वाहणाऱ्या जखमेला सगळे घाबरतात, न वाहणारीला कुणी घाबरत नाही. सोयाबीन काढल्यावर रानात धसकटं राहतात, विळ्यानं तिरपी कापलेली, सुयांसारखी. चपलेतून आरपार जातात. पायात घुसतं, रक्त थेंबभर येतं, माणूस पाय झटकतो आणि पुन्हा कामाला लागतो. धनुर्वाताला अशीच जखम आवडते, तोंड बारीक, आत खोल, हवा न लागणारी. तिथं पाल्याचा उपयोग शून्य. धुवा आणि इंजेक्शनला जा. साखरेचा आजार असलेल्या माणसानं तर पायाच्या जखमेवर घरगुती प्रयोग करूच नयेत. त्याला दुखणं कळत नाही आणि पाय काळा पडल्यावर धावाधाव होते.

दहा मिनिटं दोनदा दाबूनही रक्त थांबेना, उडी मारत येतंय, जखमेचे ओठ उघडून आतलं पांढरं-पिवळं दिसतंय, बोट हलत नाही किंवा बधिर झालंय, चेहऱ्यावर लागलंय, तर १०८ ला फोन लावा. पैसे पडत नाहीत. गाडी येईपर्यंत दाबून धरायचं थांबवू नका. टाके घालायचे तर सहा-आठ तासांच्या आत घातलेले बरे, "उद्या सकाळी बघू" म्हणू नका. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाला लहानसं कापलं तरी दाखवून घ्या. जखमेत काही रुतून बसलं असेल तर ओढून काढू नका, आजूबाजूनं दाबा. कडबाकुट्टीत किंवा मळणीयंत्रात बोट तुटून पडलं तर ते शोधा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवून माणसाबरोबर न्या. बोट थेट बर्फात टाकू नका.

कुत्रं चावलं तर पाला नाही, चुना नाही, मिरची तर अजिबात नाही. साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, मग लस. घोणस चावली तर हिरड्यांतून, जुन्या खरचटण्यातूनही रक्त यायला लागतं, कारण तिच्या विषानं रक्ताची गोठायची ताकदच जाते. तिथं पाला चोळत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चालवू नका, सरळ दवाखाना.

शेवटचं. आज रात्री जेवायला सगळे बसले की एकेकाला विचारा, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंय. मातीतली, शेणातली जखम झाली आणि आधीच्या डोसला पाच वर्षं उलटून गेली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. स्वच्छ, लहान जखमेला हेच अंतर दहा वर्षांचं. कुणालाच आठवत नसेल, आणि बहुतेक घरांत आठवत नाहीच, तर काढणी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. सालगड्यालाही न्या, त्याच्या बायकोलाही न्या. विळा त्यांच्याच हातात जास्त असतो.